संस्कृतीची शिडी आणि गोधडी

'मानवी संस्कृतीचे टप्पे एका चित्रात दाखवा' असा प्रकल्प शाळा-महाविद्यालयांतून आता नेहमीच दिला जातो. पूर्वी मुले जुनी मासिके कापून, खळ लावून, कार्डशीटवर कात्रणे चिकटवीत. आता तेच काम संगणकावर होते. इंटरनेटवरून चित्रे उतरवायची, त्यांच्या कडा कापायच्या, एकावर एक मांडायची, खाली सन टाकायचे आणि छापून आणायचे. याला डिजिटल कोलाज म्हणतात. आपल्या घरातल्या मुला-मुलींनी केलेली अशी चित्रे पाहिली तर साचा बहुधा एकच दिसतो. डाव्या टोकाला गुहेतला माणूस, हातात गारगोटी. मग नांगर, चाक, पिरॅमिड, राजवाडे, आगगाडी. उजव्या टोकाला उंच इमारती, मोबाईल आणि अवकाशयान.

या साच्याला एक प्रसिद्ध पूर्वज आहे. 1965 साली रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने 'अर्ली मॅन' या पुस्तकासाठी एक लांबलचक चित्र काढले. वानरसदृश प्राण्यांपासून आजच्या माणसापर्यंतची एक रांग, प्रत्येक जण पुढच्याच्या मागे, हळूहळू ताठ होत चाललेला. ते चित्र जगभर पसरले. उत्क्रांती अशी सरळ रांगेत होत नाही, तिला झाडासारख्या फांद्या फुटतात, हे शास्त्रज्ञ सांगत राहिले. पण डोळ्यांना रांगच पटली. रांग पाहिली की एक गोष्ट न सांगता कळते : मागे आहे तो अपुरा आणि पुढे आहे तो पुरा.

म्हणून हा केवळ मुलांच्या गृहपाठाचा विषय नाही. कोणाला पहिल्या चौकटीत बसवायचे, कोणाला मधल्या आणि कोणाला शेवटच्या, हा नैतिक प्रश्न आहे. ज्याला आपण एखाद्या टप्प्यात बसवतो, त्याला आपण तिथेच सोडून पुढे निघून जातो. महाराष्ट्रातल्या मुसलमानांना हा अनुभव नवा नाही. शाळेच्या इतिहासात आपण एका प्रकरणापुरते येतो, प्रकरण संपले की संपतो. वर्गातले मूल मात्र संपलेले नसते. ते बाकावर बसलेले असते.

प्रश्न हवेत सुटणार नाही. त्यासाठी एक ठिकाण घेऊ आणि तिथले तुकडे गोळा करून पाहू. पालघर जिल्ह्यातला वसई-विरारचा पट्टा या कामाला फार सोयीचा आहे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र. एवढ्या जागेत माणसाने इतके काही करून ठेवले आहे की कोलाज करणाऱ्याला बाहेर जायची गरज पडू नये.

पहिला तुकडा नालासोपाऱ्याचा. प्राचीन ग्रंथांतले शूर्पारक ते हेच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव आहे. बौद्ध कथांमधला पूर्ण हा व्यापारी इथलाच. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला एक उंचवटा खोदला. गावकरी त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. आत स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कोणीतरी ते इतक्या मायेने जपले होते. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला आणि 1956 मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा.

दुसरा तुकडा अरब प्रवाशांचा. दहाव्या शतकातले अल-मसूदी आणि इब्न हौकल, बाराव्या शतकातला अल-इद्रिसी, या सगळ्यांच्या लेखनात 'सुबारा' या नावाने सोपारा येतो. अल-मसूदी सन 304 हिजरीत, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, सैमूरला म्हणजे चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांच्यात बाहेरून आलेले होते तसे इथेच जन्मलेलेही होते. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख स्थानिक राजाने नेमलेला होता.

तिसरा तुकडा वसईच्या किल्ल्याचा. गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने किल्ला जिंकला. 1802 च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही इथेच. मग 1867 मध्ये विरारहून मुंबईकडे गाडी सुरू झाली. 2009 मध्ये महानगरपालिका आली. 2011 च्या जनगणनेत तिच्या हद्दीत 12 लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. 2014 मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आणि आता सकाळच्या विरार लोकलची गर्दी, खाडीलगतच्या खाजणांवर उभ्या राहिलेल्या इमारती, गल्लीबोळांतून पाणी घेऊन फिरणारे टँकर.

तुकडे जमले. आता ते मांडायचे कसे?

सोपा मार्ग असा की प्रत्येक काळाला एकेका समाजाचे नाव द्यायचे : बौद्ध टप्पा, हिंदू टप्पा, मुस्लीम टप्पा, ख्रिस्ती टप्पा, मराठा टप्पा, इंग्रजी टप्पा आणि आधुनिक टप्पा. ही वाटणी नैसर्गिक वाटते, पण ती कोणीतरी केलेली आहे. जेम्स मिल या ब्रिटिश लेखकाने 1817 साली हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, तो हिंदुस्थानात कधीही न येता. त्यात त्याने आपल्या भूतकाळाचे हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तुकडे पाडले. पहिले दोन धर्माच्या नावाने, तिसरा मात्र राष्ट्राच्या. तिसऱ्याला त्याने ख्रिस्ती म्हटले नाही. कारण पहिले दोन त्याच्या लेखी मागे पडलेले होते आणि तिसरा चालू होता. मिल गेला, इंग्रज गेले, पण त्याची चौकट आपल्या पाठ्यपुस्तकांत, मालिकांत आणि भाषणांत अजून ऐटीत बसून आहे.

ही चौकट खरी की खोटी हे पाहायचे असेल तर एका ताम्रपटाकडे जाऊ. पालघर जिल्ह्यातच, डहाणू तालुक्यात चिंचणी नावाचे गाव आहे. तिथे सापडलेल्या पटांपैकी एक शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात संजान मंडलाच्या अधिपतीचे नाव येते : मधुमती. हा 'ताजिक' म्हणजे अरब वंशाचा. मधुमती हे महंमद या नावाला दिलेले संस्कृत रूप. राष्ट्रकूट राजाने त्याच्या हाती हा मुलूख सोपवला होता. त्याने नद्यांवर फुकट उतार सुरू केला आणि संजानला अन्नछत्र उघडले, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. याच पटात पुढे आहे की एका ब्राह्मणाने देवीसाठी बांधलेल्या मठाला राजाच्या संमतीने जमीन दिली गेली आणि ते दान या महंमदाच्या हातून झाले.

आता हा ताम्रपट कोणत्या चौकटीत चिकटवायचा? राजा राष्ट्रकूट, अधिकारी अरब मुसलमान, मठ देवीचा, भाषा संस्कृत. 'हिंदू टप्प्यात' ठेवला तर महंमद अडचण करतो. 'मुस्लीम टप्प्यात' ठेवला तर तो टप्पा अजून सुरूच झालेला नसतो. चौकटी करणाऱ्याला मग एकच उपाय उरतो : ताम्रपट वगळणे. आणि तो आजवर वगळलाच गेला. आपल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? आक्रमणे करणाऱ्यांची नावे सनासकट पाठ आहेत. नदीवर फुकट होडी चालवणाऱ्याचे नाव माहीत नाही. इतिहासात खोटे घालण्याची गरज नेहमी पडत नाही, चौकट नीट निवडली की खरे आपोआप बाहेर राहते.

हाच अन्याय पहिल्या चौकटीत आणखी कठोरपणे होतो. पालघर जिल्हा हा वारली, कातकरी, मल्हार कोळी अशा आदिवासींचा जिल्हा. कोलाजमध्ये 'आदिमानव' लिहिले की मुलांना पटकन वारली चित्र आठवते आणि ते तिथे चिकटवले जाते. पण ते चित्र आजच्या बाईने काढलेले असते. तीच बाई सकाळी भाजी, लाकडे किंवा गवत घेऊन बाजारात येते, मोबाईलवर बोलते, मुलाच्या शाळेचा दाखला मिळवण्यासाठी कचेरीत खेटे घालते. तिला दहा हजार वर्षे मागे ढकलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपण जेव्हा 'मुस्लीम काळ' या चौकटीबद्दल तक्रार करतो, तेव्हा पहिल्या चौकटीतल्या या बाईबद्दलही तक्रार केली पाहिजे. नाही तर आपली तक्रार फक्त आपल्या जागेपुरती ठरते.

टप्प्यांची कल्पना आली तरी कुठून? एकोणिसाव्या शतकात कोपनहेगनच्या संग्रहालयात ख्रिस्तियन थॉमसेन यांच्यापुढे हत्यारांचा ढीग होता. त्यांनी तो दगड, कांसे आणि लोखंड असा लावला. ही वाटणी वस्तूंची होती आणि ती उपयोगी ठरली. पुढे 1877 मध्ये अमेरिकेतल्या लुईस मॉर्गन यांनी माणसांचीच वाटणी केली : रानटी, अर्धरानटी आणि सुसंस्कृत. घोटाळा इथे झाला. हत्याराचा टप्पा माणसाच्या अंगावर चढला. 1952 मध्ये युनेस्कोसाठी लिहिलेल्या निबंधात क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी या शिडीवर नेमका घाव घातला. प्रगती पायरीपायरीने वर जात नाही, बुद्धिबळातल्या घोड्यासारखी दिशा बदलत उड्या घेते, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्या परंपरेत हा विचार त्याच्याही आधी झालेला आहे. ट्यूनिसला जन्मलेल्या इब्न खलदूनने 1377 मध्ये 'मुकद्दिमा' लिहिला. त्याने मानवी वस्तीचे, 'उमरान'चे, दोन प्रकार सांगितले : रानावनातले व वाळवंटातले कष्टाचे जीवन आणि शहरातले स्थिर जीवन. पण शहर वरचे आणि रान खालचे असा हिशेब त्याने मांडला नाही. रानातल्या लोकांत एकमेकांसाठी उभे राहण्याची ताकद असते. शहरात आले की सुखसोयी वाढतात आणि ती ताकद झिजते. घराणी तीन-चार पिढ्यांत थकतात आणि बाहेरून नवे लोक येतात. म्हणजे त्याच्या मते 'शेवटचा टप्पा' हा विजयाचा नसून पुष्कळदा उतरणीचा असतो. कुरआनातही आद आणि समूद यांच्या ओसाड वस्त्यांची आठवण पुन्हा पुन्हा येते. पृथ्वीवर फिरा आणि आधीच्यांचे काय झाले ते पाहा, असे सांगितले जाते. त्या वस्त्या मागासलेल्या म्हणून ओस पडल्या नाहीत. त्यांचे बांधकाम भव्य होते. त्या पडल्या त्या मग्रुरीने.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. शिडी पूर्णपणे फेकून दिली तर प्रगती म्हणून काही उरते का? देवी रोगाचे 1980 मध्ये उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, हे आधीपेक्षा चांगले आहे की नाही? गुलामगिरी, सती, अस्पृश्यता यांना कायद्याने बंदी झाली, हे फक्त 'वेगळे' आहे की अधिक न्याय्य आहे? सगळ्याच चौकटी सारख्या असे म्हणणारा माणूस शेवटी अन्यायालाही 'एक संस्कृती' म्हणून मोकळा होतो. ते आम्हाला मान्य नाही.

म्हणून आम्हाला असे वाटते की टप्पा लावावा तो रीतीला, हत्याराला, कायद्याला, वर्तनाला. माणसांच्या समूहाला तो लावू नये. एखादी प्रथा मागासलेली असू शकते, एखादा समाज नाही. प्रत्येक समाजात एकाच वेळी अनेक टप्पे नांदत असतात. ज्या इमारतीत लिफ्ट आहे त्याच इमारतीत मुसलमानाला, दलिताला किंवा एकट्या बाईला घर नाकारले जाते. तिथे लिफ्ट एका टप्प्यात आहे आणि मन दुसऱ्याच. आणि हा मापदंड आपल्यालाही लागू होतो. मुलीचा वारसाहक्क शरियतने चौदाशे वर्षांपूर्वी सांगितला, पण आजही कितीतरी घरांत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि भाऊ त्याला प्रेमाचे नाव देतात. जातपात इस्लामला मंजूर नाही असे आपण व्यासपीठावर सांगतो आणि मुलीचे लग्न ठरवताना बिरादरी विचारतो. बगदाद आणि कॉर्डोबाच्या ग्रंथालयांची चित्रे आपल्या कोलाजमध्ये अभिमानाने लावावीत, पण त्या चित्रांच्या आड हे कागद लपवता येणार नाहीत.

मोजायचे कशाने, याचे उत्तर भुईगावच्या त्या दगडावरच सापडते. नवव्या लेखात अशोक लोकांच्या मंगलविधींबद्दल बोलतो. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. त्याने फारसे काही साधत नाही. खरे मंगल म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणे, गुरूंचा आदर, प्राण्यांविषयी संयम, दानधर्म. सुमारे नऊशे वर्षांनी, इसवी सन 632 मध्ये, अखेरच्या हजच्या प्रवचनात पैगंबरांनी (स.) अरब आणि अरबेतर, गोरा आणि काळा यांत श्रेष्ठ-कनिष्ठ नाही असे सांगितले. दोघांचा काळ, देश आणि श्रद्धा वेगळ्या. तरी दोघांनीही माणूस मोजला तो दुबळ्याशी आणि परक्याशी तो कसा वागतो यावरून. या मापाने पाहिले तर दहाव्या शतकातली ती फुकट होडी पुढच्या टप्प्यावरची ठरते आणि पाण्याच्या टँकरभोवती चाललेली आजची भांडणे मागच्या.

आता पुन्हा संगणकाकडे. फोटोशॉपसारख्या साधनांत चित्राचे 'लेयर' म्हणजे थर असतात. उत्खननातही थर असतात. शब्द एकच, पण दोन्हींत मोठा फरक आहे. जमिनीतले थर आपण हलवू शकत नाही. खालचा पाहायचा तर वरचा काढावा लागतो आणि काढलेला परत तसा बसत नाही. म्हणून खोदणारा प्रत्येक थराची नोंद ठेवतो. संगणकावरचा थर मात्र माऊसच्या एका टिचकीने वर जातो, खाली जातो, फिका होतो, दिसेनासा होतो. मशीद लपवली, चर्च पुढे आणले, स्तूप मोठा केला, आदिवासी पाडा पुसला, तरी खूण राहत नाही. भूतकाळ इतक्या सहज हलवता येणे ही मोठी सत्ता आहे आणि ती आता शाळकरी मुलाच्याही हाती आली आहे. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली. 'प्राचीन सोपारा बंदर' असे लिहिले की यंत्र क्षणात गलबते, व्यापारी आणि घुमट असलेले चित्र तयार करून देते. देखणे असते. पण ते कशाचेच कात्रण नसते. सोपाऱ्याच्या सोन्याच्या डबीतले मातीचे तुकडे कुरूप असले तरी ते कुठल्या तरी भांड्याचे होते.

कोलाजची कला अनेकांना पिकासो आणि ब्राक यांनी 1912 मध्ये शोधलेली वाटते. आपल्याकडे 'मुरक्का' त्याहून कितीतरी जुना. शब्दाचा अर्थच ठिगळे लावलेला. सूफींचा ठिगळांचा झगाही याच नावाने ओळखला जाई. पुढे चित्रे आणि सुलेखन एकत्र चिकटवून केलेल्या वह्यांना हे नाव मिळाले. जहांगीर बादशाहाच्या गुलशन मुरक्क्यात इराणी लिपी, मुघल चित्रे आणि युरोपातल्या छापील चित्रांवरून घेतलेल्या आकृती शेजारी शेजारी नांदतात. कोण कुठून आला हे लपवलेले नाही. आपल्या घरातली गोधडीही तशीच. आजीच्या लुगड्याचा तुकडा, बापाचा सदरा, लेकराचे झबले. टाके दिसतात. टाके दिसतात म्हणूनच कोणता तुकडा कोणाचा हे सांगता येते. आणि गोधडीत जुने कापड खालच्या पायरीचे नसते, तेही तितकीच ऊब देते.

वसई-विरारच्या कोलाजसाठी आम्ही मुलांना एवढेच सुचवू. समाजांच्या चौकटी आखू नका. त्याऐवजी एखादी गरज धरा. पाणी धरा : सोपाऱ्याची तळी, संजानची होडी, किल्ल्यातल्या विहिरी, वाड्यांतले रहाट, खाऱ्या होत चाललेल्या विहिरी, टँकर. मग प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारा : हे पाणी कोणाला मिळे, कोणाला भरावे लागे आणि कोणाला शिवूही देत नसत? आपोआप कळेल की एकाच काळात किती टप्पे होते. प्रत्येक तुकड्याखाली तो कुठून घेतला, कधीचा, कोणी काढलेला, हे लिहा. यंत्राने बनवलेले चित्र वापरलेच तर तसे स्पष्ट लिहा. आणि एक जागा कोरी ठेवा. बंदरावर ओझी वाहणारे हमाल, पोर्तुगीज घरांतले गुलाम, तटाचे दगड चढवणारे मजूर, यांची चित्रे कोणी काढली नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्याच कोणाचे चित्र चिकटवण्यापेक्षा रिकामी जागा अधिक प्रामाणिक आहे.

आणि आपण मुसलमानांनी स्वतःला कुठे चिकटवायचे? 1534 च्या चौकटीत नव्हे आणि बगदादच्याही नव्हे. सोपाऱ्यात अरब गलबते लागली तेव्हापासून विरार लोकलच्या डब्यापर्यंत आपण या किनाऱ्यावर आहोत. शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला त्या मराठीत आपणही लिहितो-बोलतो. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, आगरी, कोळी, वारली हे शेजारीही असेच प्रत्येक थरात थोडे थोडे आहेत. मुलांना ही जोडकामाची वही घरीच बसून करू द्यावी. आणि त्यांनी चिंचणीच्या महंमदाबद्दल विचारले, तर उत्तर देता यावे इतके तरी आपण आधी वाचून ठेवावे.